बिनऔषधाचं रक्त

काचपट्टी काळीकुट्ट होती. जिथे हिरवा उजेड पेटायला हवा, तिथे काहीच नव्हतं. तिनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा तपासला, भिंग बदललं, पट्टी पुसून पुन्हा लावली. शेवटी रक्ताच्या नळीवरचं नाव वाचलं. बाबांचंच होतं.

एरवी बाबांचं रक्त असं झळकायचं की शेजारच्या खोलीतले लोक बघायला यायचे. उंदराच्या मूत्रपिंडाची पातळ चकती काचेवर बसवायची, तिच्यावर रक्ताचा सीरम सोडायचा, मग चमकणारा रंग. माणसाच्या अँटिबॉडी त्याच्या स्वतःच्याच अवयवांवर उठलेल्या असल्या, तर त्या चकतीला चिकटतात आणि अंधारात हिरव्या पेटतात. बाबांचा आजार खरं तर विषाणूचा. काविळीचा विषाणू त्यांच्या यकृतात वर्षानुवर्षं ठाण मांडून होता. पण अशा काही पेशंटांच्या रक्तात ही घरभेदी फौजही तयार होते. कुंपणच शेत खायला लागतं. ते का, यावर तिची पीएचडी होती.

अडचण एकच होती. विषाणूवर आता गोळ्या निघाल्या होत्या आणि त्या लागू पडत होत्या. तिचे पेशंट एकेक करून बरे होत गेले. ज्यानं गोळ्या घेतल्या त्याचं रक्त अभ्यासातून बाद. दर वेळी कुणी हसत हसत आभार मानायला आलं की ती यादीतलं आणखी एक नाव खोडायची. शेवटी औषध न घेतलेले एकटे बाबा उरले.

बाबा निवृत्त कंपाउंडर. हा रोग त्यांना दवाखान्यातल्या सुयांनीच दिला होता. त्या काळी एकच काचेची सिरिंज उकळायची आणि गल्लीभर टोचत फिरायचं, घरच्यांनाही तीच. गोळ्या कधी सुरू करू, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "थोडं थांबू या, बाबा. इतकी घाई नाही." बाबांनी मान डोलावली. लेक एवढी शिकलेली, तिला कळतंच. तेव्हापासून दर महिन्याला ते घरीच रक्त काढून बर्फात घालून पाठवत.

आणि आज ही काळी पट्टी.

तिनं त्याच नळीतल्या रक्तातला विषाणू मोजायला लावला. आकडा लाखांत आला. म्हणजे विषाणू जागच्या जागी आणि अँटिबॉडी गायब. औषधाशिवाय! ती धावतच पीएचडीच्या सरांकडे गेली.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, लोक जन्मभर वाट बघतात अशा पेशंटची! घरभेदे आपसूक निघून गेले आणि चोर घरातच? तुझ्या बाबांनी आपल्याला लॉटरी लावली."

"मग थीसिस..."

"थीसिस काय घेऊन बसलीस, परदेशात बोलावतील तुला. पण आधी घरी फोन कर. ताकदीची म्हणून कुणी स्टेरॉइडची गोळी दिली असेल, तर अँटिबॉडी त्यानंही दबतात. मग सगळंच मुसळ केरात."

फोन आईनं उचलला.

"मिळालं का गं रक्त? या खेपेला जरा उशीरच झाला. मला हल्ली काही उरकतच नाही बघ. जिना चढले तरी पाय गळून जातात."

"आई, वय झालं आता. बाबांना दे पटकन."

बाबा फोनवर आले. औषधाचं विचारताच ते खाकरले.

"रागावू नकोस हं, बाळ. मधे पोटात पाणी झालं होतं. इथले डॉक्टर म्हणाले, यकृत दगड व्हायला लागलंय, आता थांबलात तर संपलात. म्हणून मग घेतल्या गोळ्या. संपल्यासुद्धा. विषाणू गेला म्हणाले."

"काहीतरीच काय, बाबा! गेला कसा? या रक्तात तो लाखांनी आहे."

बाबांना ते नीट ऐकू गेलं नसावं. आपलं गुपित फुटल्यावर माणूस जसा भडाभडा बोलतो, तसे ते बोलत सुटले.

"माझं रक्त तुला चालणार नाही, हे माहीत होतं गं. पण तुझं शिक्षण माझ्यापायी अडावं का? तुला बिनऔषधाचं हवं ना? तुझ्या आईनं जन्मात डोकेदुखीची गोळी घेतलेली नाही. आधी काढून ठेवलेल्या माझ्या नळ्या संपल्या, म्हटलं, एवढी एक नळी तिची पाठवू. नाव माझं घातलं, तेवढंच काय ते खोटं. तिचा हात माझ्या सरावाचाच. तू झालीस तेव्हा तिला सगळी इंजेक्शनं मीच दिली होती. शीर लगेच सापडते."

मागून आईचा हसरा आवाज आला, "तिला सांगा, मला जरासुद्धा दुखलं नाही."

तिनं भिंतीला पाठ टेकली. यंत्रानं मोजलेला तो लाखांचा आकडा आईचा होता.

दारात सर उभे होते. त्यांनी भुवया उंचावून खुणेनंच विचारलं, काय झालं? तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग मान हलवली: काही नाही, औषध घेतलेलं नाही. सरांनी मूठ हवेत उडवली आणि ते हसत निघून गेले.

"हॅलो? रागावलीस का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही हो, बाबा," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यातही आईचंच पाठवा."