मागच्या दारानं

चपला हातात, पिशवी खांद्याला आणि श्वास रोखलेला. क्रांती स्वतःच्याच घरातून चोरासारखी बाहेर पडत होती, स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं. पुढच्या खोलीत बायडाबाई सम्राटला खिडकीशी धरून उभी होती.

"त्यो बघ काऊ! बघ, तुझ्याकडंच बघतोय मुडदा!"

अडीच वर्षांचा सम्राट काऊ बघून हसला. तेवढ्यात आई बोळ ओलांडून स्टँडच्या वाटेला लागलीसुद्धा.

अकरा महिने हे असंच चाललं होतं. क्रांती एसटीत कंडक्टर, कोल्हापूर-जयसिंगपूर गाडीवर. नवरा गडहिंग्लजच्या बाजूला साखर कारखान्यात, रविवारी तेवढा घरी. पोर सांभाळायला शिवाजी पेठेतलीच बायडाबाई यायची. पाच लेकरं वाढवलेली बाई. पहिल्याच दिवशी तिनं कायदा घालून दिला होता. "पोराच्या देखत उंबरा ओलांडायचा न्हाय. हंबरडा फोडतंय मग दिसभर. गुपचूप सटकायचं." अख्खी गल्ली असंच करते. क्रांतीनंही केलं.

आणि सम्राट रडला नाही. एकदासुद्धा नाही. उलट दुपारी जयसिंगपूरच्या स्टँडवरून क्रांतीनं फोन केला, की ऐकायला यायचं ते भलतंच.

"काय करतंय, मावशी?"

"काय करतंय? तुझ्यासंगं बोलत बसलंय."

"माझ्यासंगं?"

"व्हय. स्वयंपाकघराच्या पडद्याम्होरं. आई आत हाय म्हणतंय."

क्रांतीला हसू आलं. त्याचं काय चुकलं? आई स्वयंपाकघरात गेलेली त्यानं रोज पाहिली होती. घराबाहेर गेलेली कधीच पाहिली नव्हती. म्हणजे ती आतच असणार की!

मग तो पडद्याखालून बिस्किट सरकवायला लागला. बिस्किट नाहीसं व्हायचं. मुंग्या नेत असतील, बायडाबाई म्हणाली. पुढं पुढं दूध आयतंच कोमट झालेलं सापडू लागलं. आपणच केलं असेल आणि विसरलो असू, बायडाबाई म्हणाली. गौरी-गणपती उरकले आणि एका दुपारी ती फोनवर अगदी सहज बोलून गेली, "भात मऊ केलास ते बेस झालं बघ. पोटभर जेवलं पोरगं. मीठ तेवढं जरा कमी घाल उद्या."

क्रांतीनं तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवलं. "मावशी, मी सकाळधरनं गाडीवर हाय."

"व्हय की," बायडाबाई म्हणाली. "त्येबी खरंच हाय." तिच्या मागं सम्राट खिदळत होता. कुणीतरी गुदगुल्या कराव्यात तसा.

दुसऱ्या दिवशी क्रांतीनं अर्धी रजा टाकली. भर दुपारी बोळातून आली आणि मागच्या दाराच्या फटीला डोळा लावला.

आत ती बसली होती. पिवळा गाऊन, केस मोकळे, मनगटावर घड्याळ नाही. मांडीवर सम्राट. एकेका घासाला ती एकेक गोष्ट सांगत होती. पोरानं घास गालात धरून ठेवला तरी "गीळ लवकर" म्हणत नव्हती. तोंड क्रांतीचंच. आवाजही क्रांतीचाच, पण दिवसभर "पुढं सरका, पुढं सरका" करून बसलेला नव्हे. लग्नाआधीचा.

भीती वाटायला हवी होती. क्रांतीचा झाला तो जळफळाट. असं निवांत मांडी घालून आपण शेवटचं कधी बसलो, ते तिला काही केल्या आठवेना.

तिनं दार ढकललं. सम्राट एकटाच फरशीवर बसला होता, हनुवटीला भात. पुढच्या खोलीत बायडाबाई घोरत होती.

त्या संध्याकाळी क्रांतीनं सांगून टाकलं. "उद्यापास्नं मी पुढच्या दारानं जाणार. त्याच्या डोळ्यांदेखत."

"रडंल की गं!"

"रडू दे, मावशी. आई घरात नसती, हे कळू दे त्याला एकदा."

सकाळी ती उंबऱ्यापाशी गुडघ्यांवर बसली. सम्राटचे दोन्ही हात हातात घेतले. "बघ माझ्याकडं. आई आता कामाला चाललीया. घरात आई न्हाय. सांजच्याला येणार." हे ती जरा मोठ्यानंच बोलली, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

सम्राटनं मान डोलावली. गॅसवाल्याला करतो तसा हात हलवला. "टाटा."

डोळ्यांत टिपूस नाही. क्रांतीनं उंबरा ओलांडला आणि चालू लागली.

ती गल्लीतल्या तालमीपर्यंत पोचली आणि मागून हंबरडा आला. अकरा महिने साठवून ठेवलेला असावा तसा. तालमीतली पोरं दारात आली. क्रांतीचं काळीज फाटलं, आणि लाजत का होईना, सुखावलंही. रडतोय! माझ्यासाठी रडतोय! "आले रे, बाळा!" म्हणत ती माघारी धावली.

सम्राट बायडाबाईच्या कडेवरून अर्धा खाली लोंबत होता, दोन्ही हात रस्त्याकडं पसरून. "आई, जाऊ नको! आई!" क्रांतीनं त्याला घ्यायला हात पुढं केले. ते त्यानं झिडकारले, आणि तिच्या खांद्यावरून मोकळ्या गल्लीच्या टोकापर्यंत, कुणी पाठमोरं लांब लांब जात असावं तसं एकटक बघत, तो ओरडत राहिला, "आई, जाऊ नको!"