थोरलीची रेघ

तिसरी कॉइलही नापास झाली.

पडद्यावर दोन रेघा होत्या. हिरवी थोरलीची, म्हणजे नमुन्याच्या पहिल्या कॉइलची; पिवळी नव्या कॉइलची. विजेचा ठोका दोघींना सारखाच द्यायचा. रेघा एकमेकींवर बसल्या तर नवी पास. नाहीतर आत तारेचे वेढे कुठेतरी चिकटलेत असं समजून ती भंगारात. पिवळी रेघ हिरवीपेक्षा जरा जास्तच वेळ झुलत राहिली. तपासणाऱ्या बाईनं वहीत लिहिलं, ‘जुळत नाही.’

“आणखी एक गेली तर सूनबाईंना घरी बसवावं लागेल,” साहेब म्हणाले. “तुमच्या मुलाच्या अकराच्या अकरा जुळल्या होत्या हो.”

“हो,” ती म्हणाली.

नमुन्याची थोरलीही मुलानंच गुंडाळलेली. पुढच्या अकरा तिच्याशी जुळवून अणू जोडून वीज करणाऱ्या संलयन यंत्रात बसवल्या, आणि बारावी कॉइल करायच्या आधी तो वारला. आठ महिने झाले. त्याच्या जागी सून लागली. सासूला निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते, आणि नातीची शाळा अजून बरीच होती.

तिनं चहाचा कप उचलला. मोडक्या दांड्याला पांढरी पट्टी गुंडाळलेली. वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये घालायची ती पट्टी. कॉइलमागे एक रीळ, मोजून मापून. मुलाचं नेहमी उरायचं. घरी आणून त्यानं छत्री, चष्मा, झाडू, सगळ्यांची मलमपट्टी केली होती. “आमच्याकडे दवाखानाच आहे,” असं ती सांगायची. हल्ली सांगत नसे.

“घाई होते का गं तुझी?” तिनं सुनेला विचारलं.

“नाही, आई.”

“तो कसा करायचा ते आठवून बघ.”

सुनेची नजर कपाच्या दांड्यावरच्या पट्टीकडे गेली. “बघते,” म्हणाली.

नवव्या दिवशी चौथी आली. ठोका दिला. पडद्यावर एकच रेघ. तिनं चष्मा पुसून पुन्हा दिला. एकच.

“हात आहे हो घराण्याला,” साहेब म्हणाले. “आज बसवा, उद्या झाकण वेल्ड करा. सोमवारी यंत्र चालू.” आणि फोन लावत बाहेर गेले.

तिनं गार चहाचा घोट घेतला. कितीतरी दिवसांनी चव लागली.

“जमलं गं तुला.”

सून हसली नाही.

“तिन्ही वेळा माझं रीळ पुरतं संपलं होतं, आई. या वेळी त्यांच्यासारखं उरवलं. तळाच्या थरात पट्टी घातलीच नाही,” ती म्हणाली, आणि खिशातून उरलेलं रीळ काढून तिनं कपाशेजारी ठेवलं.