डावा डोळा

काशीरामने होकार दिला तर पदरात काय पडणार होतं? सकाळचा चहा, दुपारी कुणाच्या तरी घरची पेज, आणि दिवसातून चारदा कुणीतरी दारात येऊन विचारणार, ‘कसं वाटतंय आता?’ जाणार होता तर एक डोळा. तोही डावा.

एक्याऐंशीच्या साथीत नाहूरच्या त्या चाळीत घरोघर डोळे आले होते. विद्याधरने घाटकोपरच्या कुणा वैद्याकडून थेंब आणले. बाटलीला लेबल नाही, वैद्याला पाटी नाही. आधी कुणीतरी घालून बघायला हवे होते. दत्ताराम बस चालवायचा. सुलक्षणाचं घर शिवणावर चालायचं. विद्याधरला तर काय, पोरंबाळं होती. बोलता बोलता सगळ्यांच्या लाल नजरा शेवटच्या खोलीकडे वळल्या. काशीरामचेही डोळे आलेत, हे चाळीला त्या दिवशी प्रथम दिसलं.

“जबरदस्ती नाही हां, काशीरामभाऊ,” विद्याधर म्हणाला. “एकाच डोळ्यात घालू. दुसरा तुमचा तुम्हाला.”

“घाल रे. माझ्या मागे रडूक कोण आसा?”

‘असं काय बोलता’ म्हणायलाही कुणी पुढे आलं नाही.

थेंब निखाऱ्यासारखा चरचरला. पण चहा आला, आलं घातलेला. पेजेबरोबर लोणच्याची फोड आली. तिसऱ्या दिवशी उजवा डोळा आपला आपण निवळू लागला आणि डाव्यावर दुधासारखी साय धरली. कुणी विचारलं की काशीराम म्हणायचा, “फरक आसा. पण आणखी एक दिवस बघूया.” तसं बघितलं तर खोटं नव्हतं.

चौथ्या दिवशी चाळीतली शेवंती तान्ह्या पोरीला घेऊन आली. पोरीच्या पापण्या चिकटून बसलेल्या. शेवंतीच्या हातात तीच बाटली.

“आजोबा, आता नाही थांबवत. रडून रडून घसा बसला हिचा. घालू ना? तुम्ही म्हणाल तसं.”

आजोबा म्हणणारं त्याला आजवर कुणी भेटलं नव्हतं. तो ‘नको’ म्हणाला की त्याच्या दारात येऊन विचारण्यासारखं कुणाकडे काही उरणार नव्हतं.

“मोरीत ओत ती,” तो म्हणाला. “उकळून गार केलेल्या पाण्याने डोळे पूस तिचे.”

“पण फरक आहे म्हणालात ना?”

त्याने तळहाताने उजवा डोळा झाकला. “आता तू दिसत नाय. पोरगी पण नाय.”

शेवंतीने बाटली ओतली आणि चाळभर सांगितलं. दुसऱ्या सकाळी चहा आला नाही. लोक त्याच्या दारावरून जाताना पाय उचलून चालू लागले. काशीरामने स्वतःच चहा टाकला. ओतताना अंदाज चुकला, अर्धा बशीबाहेर गेला.

आठवड्याभरात साथ आली तशी गेली, कुणाच्या औषधाविना. अख्ख्या चाळीत मिळून डोळा गेला तो एकच, आणि तो कुणाच्याच घरातला नव्हता, म्हणून मोजायचा राहून गेला.