क्लॅरनेटची जागा

हिर्डोशीचे चिमाजीआबा तरुणपणी मुंबईच्या हाटेलात स्विंग बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. त्या बँडच्या जुन्या रेकॉर्डी कंपनीनं साफसूफ करून परत काढल्या. पुण्याहून नातवानं, पप्पूनं, तो अल्बम मोबाईलवर धाडला. आबा रोज ऐकायचे.

मागच्या आठवड्यात गाण्यातली ट्रम्पेटची जागा मोकळीच गेली, नुसता ताल चालू. दुसऱ्या दिवशी फोन आला, ट्रम्पेटवाला गेला.

"आमच्या बँडात माणूस मेला की त्याची जागा मोकळी सोडायची रीत व्हती," आबा बायकोला, बाळाबाईला म्हणाले.

आज रात्री क्लॅरनेटची जागा मोकळी गेली.

बाळाबाई धावत आली. "आवो, बंद करा ते!"

"बंद करून काय व्हतंय? वाजवाय पायजे." आबांनी पेटीतनं क्लॅरनेट काढलं, गाणं पहिल्यापासनं लावलं आणि आपली जागा आली तशी छाती फुटंस्तवर वाजवली; मागं बाळाबाई रडत होती.

सकाळी आबा ठणठणीत. बाळाबाईनं पप्पूला फोन लावला. "तुज्या मोबाईलवर लाव बरं ते गाणं. क्लॅरनेट वाजतंय का?"

"वाजतंय की, झकास! पण आज्जे, गाण्यात मागं तू का रडतीयास?"