आधी हळहळ, मग व्हायोलिन

"हे वाक्य काढा," बारकी म्हणाली.

चर्चच्या मागच्या खोलीत चौघीजणी वाद्यं जुळवत होत्या. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. कार्यक्रमाचं सगळं बघणाऱ्या बाई चौघींचे परिचय शेवटचे नजरेखालून घालत होत्या. तिघींच्या परिचयात गुरू, संस्था, बक्षिसं. बारकीच्या परिचयात ओल आलेली एक खोली, दारूपायी गेलेला बाप आणि लोकांची भांडी घासून लेकीला शिकवणारी आई.

"अगं, पण खरंच आहे ना ते?"

"खरं आहे. हिच्या घरी दोन गाड्या आहेत, तेही खरंच आहे. ते कुठं वाचताय?"

शेजारची दुसरी व्हायोलिनवाली फिस्सकन हसली. तिचे आईवडील दोघंही सर्जन, म्हणून सगळ्या तिला डॉक्टरीण म्हणायच्या.

"आईची लाज वाटते का गं तुला?" बाईंनी मायेनंच विचारलं, आणि तिथंच बारकीचं डोकं फिरलं.

"लाज? कसली लाज? पण तिची गोष्ट तिची आहे. तिला विचारा, ती सांगेल. मी इथं व्हायोलिन वाजवायला आलेय."

"लोकांना भिडतं गं ते. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीला जरा हात सैल सोडतात." बाई कागद घेऊन निघूनही गेल्या.

बारकीला रडू आलं नाही, संताप आला. जाईल तिथं हेच! आधी तिची गरिबी वाचायची, मग लोकांनी डोळे पुसायचे, मग तिनं वाजवायचं. मागच्या खेपेला ती अंगात ताप घेऊन बसली होती. अख्खा एक भाग मातीत घातला तिनं, धड एक सूर जागेवर लागला नाही. आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. "किती सोसलंस गं पोरी!" त्यानंतर कितीतरी दिवस तिनं व्हायोलिनला हात लावला नव्हता. चांगलं वाजवलं काय नि वाईट वाजवलं काय, कुणाचं काय अडत होतं?

"ए, ऐक," डॉक्टरीण हळूच म्हणाली. "तुझं नाव आलं की तू बसून राहा. मी उठते. माझं आलं की तू ऊठ."

"वेड लागलंय का तुला?"

"इथं आपल्याला ओळखतंय कोण? मी वाजवलं की म्हणतात, पैसेवाल्यांची हौस. एक दिवस मलाही सोसू दे की!"

चर्च खच्चून भरलं होतं. बाईंनी बारकीचं नाव घेतलं. डॉक्टरीण उठली आणि मान खाली घालून इतकी बिचारी दिसायला लागली की चेलोवालीला हसू आवरेना. बाई अडखळल्या. चष्म्यावरून त्यांनी असं बघितलं की दूध नासावं. पण भरल्या चर्चमध्ये बोलणार काय, कपाळ? मुकाट्यानं त्यांनी ओल, दारू, भांडी सगळं वाचलं. बाकाबाकावर रुमाल निघाले. मग डॉक्टरिणीचं नाव आलं. बारकी ताठ मानेनं उठली. आईवडील नामांकित सर्जन, मोठमोठे गुरू. रुमाल परत खिशात गेले.

चौघींनी वाजवायला सुरुवात केली. आज बारकीच्या अंगात वारं भरलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर डॉक्टरिणीला गराडा पडला. एका आजीबाईंनी तिचा लोण्यासारखा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "कष्टाचे हात लपतात होय!" डॉक्टरीण लाजून लाल झाली.

बारकीकडे कुणी फिरकलं नाही. ती व्हायोलिन पुसत बसली. गर्दी पांगल्यावर काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

"डॉक्टरांची मुलगी ना तू?"

"हो," बारकीनं बेधडक सांगितलं.

"सुरुवात सुंदर. पण संथ भागात घाई केलीस. का केलीस? आणि अगदी वर गेलीस तेव्हा सूर उतरला, एकदा नव्हे, दोनदा. एवढ्या मोठ्या गुरूंकडे शिकून हे शोभत नाही. रियाज कर." म्हातारबुवा तोंड वाकडं करून चालू लागले.

बारकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते बघून डॉक्टरीण गर्दी सोडून धावत आली.

"काय झालं गं? काय बोलला तो थेरडा? थांब, बघतेच त्याच्याकडे!"

"खबरदार त्याला काही बोललीस तर!" बारकीनं तिचा दंड घट्ट धरला. "अगं, त्यानं ऐकलं मला!"