रविवारी लेक येती

बसा जरा, टेंभुर्णीच्या भुजंगाची गंमत सांगतो. फारकत झाल्यावर त्याच्या बायकोनं, रूपालीनं, जालन्यातल्या भागवतशी दुसरं लग्न केलं, तवापासून भुजंगाच्या पोटात नुसती आग. गेला वकीलबाईंकडं.

"मॅडम, लेकीचा खर्चा बराबर मी देऊन राह्यलो, मंग तिला गाडीवर त्यो भागवत का फिरवतो? त्याच्यावर केस टाका!"

"भुजंगराव, पिऊन गाडी चालवताना सापडलात, तुमचं लायसन सहा महिने बंद आहे. मग दर रविवारी लेक तुमच्याकडं येते कशी?"

भुजंगानं मान खाली घातली. "त्योच आणून सोडतो."

भाऊ, येत्या रविवारी तुमची गाडी मोकळी असंल तर जालन्याहून भुजंगाच्या लेकीला तेवढं तुम्ही आणा. त्या भागवतला चहा पाजताना याचा जीव जाऊन राह्यला.