खतिजाचा अंगठा

नैराश्यानं वर्षभर मिटून गेलेल्या सबिनाला तिची आई खतिजा पळसदेवहून बारामतीच्या दवाखान्यात घेऊन आली.

डॉक्टरांनी सबिनाच्या डोक्याला चुंबकाचं यंत्र टेकवलं. "मेंदूतली योग्य जागा सापडली की हिचा अंगठा हलेल."

यंत्र टकटकू लागलं. सबिनाचा हात निपचितच होता. बाकावर बसलेल्या खतिजाचा अंगठा मात्र प्रत्येक ठोक्याला उडत होता.

"असं कधी होत नाही," डॉक्टर चपापले. "बंद करतो."

खतिजानं लेकीकडं पाहिलं. सबिनाच्या ओठांवर हसू फुटत होतं.

"बंद करायचं न्हाय," खतिजा ठामपणे म्हणाली. "चालू ठेवा."

ठोके संपले. सबिना उठून बसली, खळखळून हसली. "अम्मी, चल घरी. भूक लागली."

खतिजा परक्या पोरीकडं बघावं तशी कौतुकानं बघत राहिली.

"लई गोड हसतीस गं," ती म्हणाली. "कुणाची तू?"